पंपाच्या प्रोग्रामला रूट नको: लिनक्स बोर्डावरून मोटर सुरक्षित चालवण्याची रीत

विहिरीवरची पाच एचपीची मोटर रास्पबेरी पाय या छोट्या लिनक्स बोर्डावरून चालू-बंद करणं आता अवघड राहिलेलं नाही. रिलेचा (विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचचा) बोर्ड आणला, पायथनच्या चार ओळी लिहिल्या, पुढे सुडो (रूटच्या, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या यूझरच्या हक्काने चालवायची आज्ञा) लावलं की मोटर फिरते. खरं काम त्यानंतर सुरू होतं. थ्री फेज लाईन रात्री-बेरात्री येते, वावरात कोणी नसतं आणि वरूड-मोर्शीकडे बोअरचं पाणी खोल गेलेलं. अशा वेळी प्रोग्राम मध्येच अडकला आणि रिले ओढलेलाच राहिला, तर मोटर कोरडी फिरते आणि वाइंडिंग जळतं. भर उन्हाळ्यात मोटर काढून, भरून आणेपर्यंत आंबिया बहाराची फळं गळायला लागतात.

म्हणून इथली सगळी रचना दोन अटींवर उभी आहे. प्रोग्रामच्या ताब्यात त्याच्या दोन पिनांपलीकडे काहीही नसावं. आणि प्रोग्राम कशानेही मेला, तरी मोटर बंद व्हावी.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने टाइप करा.

रूट का नको

लिनक्समध्ये साधा प्रोग्राम हार्डवेअरला थेट हात लावू शकत नाही. तो डेव्ह फोल्डरमधली एक डिव्हाइस फाइल उघडतो आणि त्या फाइलीतून कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, विनंती करतो. फाइल उघडताना कर्नल परवानगी तपासतो, आणि रजिस्टरमध्ये (चिपमधल्या नियंत्रणाच्या खणात) काय लिहायचं ते कर्नलचा ड्रायव्हर लिहितो. प्रोग्रामच्या हातात उरतो तो फक्त एक फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघडलेल्या फाइलीचा क्रमांक.

रूट होऊन डेव्ह-मेम (अख्ख्या मेमरीची फाइल) उघडलं तर हा पहारा टळतो आणि प्रोग्राम थेट रजिस्टरवर लिहितो. जुनी बरीच उदाहरणं अशीच आहेत. त्यात काय बिघडतं ते एका रजिस्टरवरून पाहा. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत पिनेची दिशा ठरवणाऱ्या एका रजिस्टरमध्ये दहा पिनांचे प्रत्येकी तीन बिट असतात. १० ते १९ या पिना एकाच रजिस्टरमध्ये बसतात. तुमचा प्रोग्राम १७ नंबरची दिशा बदलायला ते रजिस्टर वाचतो, तीन बिट बदलतो आणि परत लिहितो. त्या दोन क्रियांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या प्रोग्रामने १८ नंबर बदलला असेल, तर तो बदल पुसला जातो. चूक शोधूनही सापडत नाही, कारण दोन्ही प्रोग्राम आपापल्या जागी बरोबर असतात. कर्नलमधून गेलं की ड्रायव्हर तिथे कुलूप घेतो आणि हा प्रश्न येत नाही. शिवाय पाय ५ मध्ये पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपवर गेल्या, त्यामुळे थेट रजिस्टरवर लिहिणारा जुना कोड तिथे चालतच नाही.

प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या पिनांना जीपीआयओ म्हणतात. त्यांची सिस-क्लास-जीपीआयओ ही मधली जुनी वाटही सोडा. ती कर्नल ४.८ पासून, म्हणजे २०१६ पासून, कालबाह्य ठरवलेली आहे. तिथे प्रोग्राम मेला तरी पिन तशीच उघडी राहते आणि ती कोणाची हे कर्नलला माहीत नसतं. आताची वाट म्हणजे जीपीआयओची कॅरेक्टर डिव्हाइस फाइल: जीपीआयओचिप० वगैरे. तिची दुसरी आवृत्ती कर्नल ५.१० मध्ये २०२० साली आली. यात लाइन (कर्नलच्या भाषेत एक पिन) मागणाऱ्याचं नाव नोंदलं जातं, आणि एकाने घेतलेली लाइन दुसऱ्याने मागितली तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' हे उत्तर मिळतं.

आधी वायरिंग, मग प्रोग्राम

थ्री फेजच्या पॅनलमधलं काम परवानाधारक वायरमनकडूनच, डीपीवरून लाईन बंद करून करून घ्या. त्याला काय सांगायचं ते मात्र तुम्हाला नेमकं माहीत हवं.

पहिली गोष्ट: शेतीपंपाच्या पुष्कळ डीओएल (मोटर थेट लाईनवर जोडणाऱ्या) स्टार्टरची कॉइल दोन फेजांमध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालते. निळ्या रिले बोर्डावर '१० अँपिअर २५० व्होल्ट' लिहिलेलं असतं. तो रिले या कॉइलच्या वायरीत घातला तर पहिले काही दिवस चालतो, मग कॉन्टॅक्ट चिकटतात आणि मोटर बंदच होत नाही. मधे २४ व्होल्ट डीसी कॉइलचा छोटा कंट्रोल कॉन्टॅक्टर (रिलेसारखाच, पण दणकट स्विच) घाला, ज्याचे कॉन्टॅक्ट ४१५ व्होल्टला मंजूर आहेत. पायची पिन रिले ओढते, रिले २४ व्होल्टची कॉइल ओढतो, आणि त्या कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या कंट्रोल वायरीत जातात. डीसी कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड लावा.

असे दोन कॉन्टॅक्टर लागतात. पहिला 'परवाना', तो लाल बटणाच्या सिरीजमध्ये. तो सुटला की मोटर सुटते, बाकी काहीही असो. दुसरा 'स्टार्ट', तो हिरव्या बटणाला पॅरलल. तो फक्त एक सेकंद ओढायचा. स्टार्टचा कॉन्टॅक्ट अडकला तरी परवाना सोडला की मोटर थांबते, म्हणून हीच मांडणी ठेवा. एकाच रिलेवर दोन्ही कामं टाकू नका.

परवान्याच्या कॉन्टॅक्टला पॅरलल एक 'हात-ऑटो' सिलेक्टर स्विच घाला. बोर्ड बंद पडला तरी घरच्यांना बटण दाबून पाणी देता आलं पाहिजे. पॅनलमध्ये आधीचा ऑटो बसवलेला असेल, लाईन आली की स्वतःच मोटर लावणारा, तर तो काढून टाका. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटर बंद करणारा) आणि ओव्हरलोड रिले मात्र हलवायचे नाहीत. ते सॉफ्टवेअरच्या भरवशावर नसतात, हाच त्यांचा गुण आहे.

पिना: परवान्यासाठी जीपीआयओ १७, म्हणजे हेडरची (बोर्डावरच्या पिनांच्या रांगेची) ११ वी पिन, स्टार्टसाठी जीपीआयओ २७, म्हणजे १३ वी, ग्राउंड ९ वी. या पिना मुद्दाम निवडल्या आहेत. पाय चालू होताना जीपीआयओ ० ते ८ वर पुल-अप (पिन वर धरणारा रेझिस्टर) असतो आणि ९ ते २७ वर पुल-डाउन (खाली धरणारा). म्हणजे बूट होत असताना १७ आणि २७ खालीच राहतात. त्यासाठी रिले बोर्ड मात्र 'हाय ट्रिगर' हवा. बाजारात सर्रास मिळणारा 'लो ट्रिगर' बोर्ड पिन खाली असताना ओढतो, त्यामुळे बूट होता होताच रिले ओढला जाऊ शकतो. त्याला ५ व्होल्ट दिले असतील तर पिन ३.३ वर गेली तरी ऑप्टोकपलरच्या एलईडीवर १.७ व्होल्ट उरतात आणि तो कधी सुटतो, कधी सुटत नाही. जंपर बदलून हाय ट्रिगर करता येणारा बोर्ड घ्या, आणि त्याच्या इनपुटवर ग्राउंडकडे १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. मग उंदराने वायर कुरतडली तरी रिले सुटलेलाच राहील. रिलेची कॉइल पिनेला थेट कधीच जोडू नका. पिनेतून १६ मिलिअँपिअरच्या वर घ्यायचं नसतं आणि कॉइलला ७० च्या आसपास लागतात.

चिप नंबरावरून नाही, लेबलवरून ओळखा

लिबजीपीआयओडी या लायब्ररीची साधनं बसवा. डेबियनमध्ये (रास्पबेरी पाय ओएस याच लिनक्सवर उभं आहे) पॅकेजचं नाव 'जीपीआयओडी'. मग 'जीपीआयओडिटेक्ट' चालवा. पाय ४ वर हेडरच्या चिपचं लेबल 'पिनसीटीआरएल-बीसीएम२७११' दिसेल, पाय ५ वर 'पिनसीटीआरएल-आरपी१'. पाय ५ वर हीच चिप आधीच्या कर्नलमध्ये ४ नंबरला होती आणि नंतरच्या अपडेटमध्ये ० नंबरला आली. ज्यांनी कोडमध्ये नंबर घट्ट लिहून ठेवला, त्यांचे प्रोग्राम अपडेटनंतर बंद पडले.

'जीपीआयओइन्फो' प्रत्येक लाइनचं नाव, दिशा आणि सध्याचा मालक दाखवतो. १७ आणि २७ रिकाम्या आहेत ना, हे इथेच पाहून घ्या.

आता रिलेला फक्त २४ व्होल्टचा दिवा जोडून 'जीपीआयओसेट' ने १७ ला १ द्या. इथे आवृत्तीचा घोळ होतो. डेबियनच्या बुकवर्म या आवृत्तीत लिबजीपीआयओडी १.६ आहे; त्यात जीपीआयओसेट काम करून लगेच बाहेर पडतो आणि लाइन सुटते. धरून ठेवायची तर 'मोड बरोबर वेट' द्यावं लागतं. त्यानंतरच्या ट्रिक्सीमध्ये लिबजीपीआयओडीची आवृत्ती २.२ आहे, त्यात तो स्वतःहून धरून बसतो, आणि लगेच बाहेर पडायचं तर 'वजा टी ०' द्यावं लागतं. चिपही दुसऱ्या आवृत्तीत 'वजा सी' लावून सांगायची असते. पायथनचं मॉड्यूलही तसंच बदललेलं आहे, त्यामुळे उदाहरण कुठलं वापरता ते आधी तपासा. पुढचं सगळं दुसऱ्या आवृत्तीला धरून आहे.

फक्त दोन पिना द्यायच्या कशा

रास्पबेरी पाय ओएसमध्ये 'जीपीआयओ' नावाचा ग्रुप असतो आणि त्यात यूझर टाकला की सुडोशिवाय काम होतं. बहुतेक लोक इथेच थांबतात. पण परवानगी अख्ख्या चिपच्या फाइलीवर आहे, एकेका पिनेवर नाही. ठिबकच्या व्हॉल्व्हचा प्रोग्राम त्या ग्रुपमध्ये असेल, तर तोही मोटरच्या परवान्याची पिन ओढू शकतो.

याला कर्नलमध्येच उपाय आहे: जीपीआयओ-अ‍ॅग्रिगेटर, कर्नल ५.८ पासून. तो तुम्ही सांगाल तेवढ्याच लाइनी उचलून त्यांची एक नवी आभासी चिप तयार करतो. तिची डिव्हाइस फाइल वेगळी, म्हणून परवानगीही वेगळी. तुमच्या कर्नलमध्ये मॉड्यूल आहे का ते 'मॉडइन्फो जीपीआयओ-अ‍ॅग्रिगेटर' ने पाहा. असेल तर 'मॉडप्रोब' ने चढवा आणि रूट म्हणून, सिस-बस-प्लॅटफॉर्म-ड्रायव्हर्स-जीपीआयओ-अ‍ॅग्रिगेटर या फोल्डरमधल्या 'न्यू-डिव्हाइस' फाइलीत एक ओळ लिहा: आधी चिपचं लेबल, मग जागा सोडून '१७,२७'. जीपीआयओडिटेक्टमध्ये दोनच लाइनींची नवी चिप दिसेल. तिच्यात १७ आता ० आहे आणि २७ आता १. मूळ चिपवर या दोन लाइनी वापरात दिसतात, म्हणजे जीपीआयओ ग्रुपमधल्या इतर कोणी त्या मागितल्या तर 'बिझी' मिळेल. एकाच ओळीत दोन्ही बाजू बंद झाल्या.

ही ओळ बूटच्या वेळी आपोआप लिहिली जावी म्हणून सिस्टमडीची (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) एक 'वनशॉट', म्हणजे एकदाच चालणारी, सर्व्हिस करा, आणि पंपाच्या सर्व्हिसमध्ये तिचं नाव 'आफ्टर' आणि 'रिक्वायर्स' मध्ये टाका.

आता नवा यूझर: 'यूझरअ‍ॅड' ला 'सिस्टम' पर्याय देऊन 'पंप' नावाचा, शेल 'नोलॉगिन'. आणि यूडेव्हचा (डिव्हाइस फाइलींना नावं आणि परवानग्या देणाऱ्या व्यवस्थेचा) नियम. ईटीसी-यूडेव्ह-रूल्स.डी मध्ये '९९-पंप.रूल्स' फाइल करा. तिच्यात एकच ओळ: सबसिस्टम दुहेरी बरोबर जीपीआयओ, कर्नल दुहेरी बरोबर जीपीआयओचिप-तारा, कर्नल्स दुहेरी बरोबर 'जीपीआयओ-अ‍ॅग्रिगेटर.०', मग ग्रुप बरोबर पंप, मोड बरोबर ०६६०. दुहेरी बरोबर म्हणजे तपासणी, एकेरी म्हणजे नेमणूक. ही चूक फार होते. फाइलीच्या नावालाही अर्थ आहे. नियम नावाच्या क्रमाने वाचले जातात आणि शेवटचा टिकतो. पायचा स्वतःचा नियम '९९-कॉम.रूल्स' मध्ये आहे आणि तो सगळ्या जीपीआयओ चिपा जीपीआयओ ग्रुपला देऊन टाकतो. तुमची फाइल ६० नंबरची असेल तर तिच्यावर पाणी फिरतं. बदलानंतर 'यूडेव्हअ‍ॅडम कंट्रोल' ला 'रीलोड' आणि मग 'यूडेव्हअ‍ॅडम ट्रिगर'. 'एलएस वजा एल' ने ग्रुप खरंच बदलला का ते डोळ्यांनी पाहा.

मॉड्यूल नसेल तर दुसरी वाट आहे. चिपच्या फाइलीतून लाइन मागितली की कर्नल त्या लाइनींसाठी वेगळा फाइल डिस्क्रिप्टर देतो. प्रोग्रामने सुरुवातीला चिप उघडावी, दोन लाइनी मागाव्यात, चिपची फाइल बंद करावी आणि आपले अधिकार सोडून साधा यूझर व्हावं. पुढे त्याच्याकडे फक्त त्या दोन लाइनींचा डिस्क्रिप्टर उरतो. सी मध्ये हे नीट जमतं. पायथनमध्ये क्रम काळजीने सांभाळावा लागतो.

मोटरचा मालक एकच, बाकी सगळे मागणारे

फोनवरून आदेश घेणारा, वेळापत्रक चालवणारा आणि पिन ओढणारा प्रोग्राम एकच ठेवू नका. नेटवर्कशी बोलणाऱ्या कोडमध्येच सगळ्यात जास्त भोकं असतात. पिना फक्त 'पंप' यूझरच्या छोट्या डेमनकडे, म्हणजे पडद्यामागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामकडे. वेबपान वेगळ्या यूझरखाली, आणि ते डेमनशी रन-पंप फोल्डरमधल्या युनिक्स सॉकेटवरून (एकाच बोर्डावरच्या दोन प्रोग्रामांनी बोलायच्या फाइलीवरून) बोलतं. आदेश तीनच: 'चालू, इतकी मिनिटं', 'बंद', 'स्थिती'. 'पिन १७ ला १ कर' असा आदेश ठेवायचाच नाही. वेबपान कोणी फोडलं तरी त्याला जास्तीत जास्त मोटर मागता येईल, नियम मोडता येणार नाहीत.

नियम डेमनमध्ये बसतात. एका वेळी कमाल चालू वेळ, बोअरच्या आवकीप्रमाणे. माहीत नसेल तर ४५ मिनिटांपासून सुरू करा. बंद झाल्यावर किमान ५ मिनिटं पुन्हा सुरू नाही, कारण डिलिव्हरी पाइपातलं पाणी उलटं उतरत असताना स्टार्ट दिला तर शाफ्टवर ताण येतो आणि लागोपाठच्या स्टार्टने वाइंडिंग तापतं. सुरू होताना डेमनने आधीची स्थिती आठवून मोटर लावायची नाही. नेहमी बंदपासून सुरुवात, आणि ती ५ मिनिटं तेव्हापासून मोजायची.

वेळ मोजायला मोनोटॉनिक (कधीच मागे न येणारं, उडी न मारणारं) घड्याळच वापरा, पायथनमध्ये 'टाइम.मोनोटॉनिक'. पाय ४ पर्यंतच्या बोर्डात बॅटरीवरचं घड्याळ नसतं, पाय ५ मध्ये आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते. लाईन जाऊन आली की बोर्ड जुनी वेळ धरून उठतो आणि नेट मिळाल्यावर घड्याळ एकदम तीन-चार तास पुढे उडी मारतं. साध्या घड्याळावर मोजलेली '४५ मिनिटं' तेव्हा क्षणात संपतात, किंवा घड्याळ मागे आलं तर संपतच नाहीत. रेंज जाणाऱ्या-येणाऱ्या वावरात हे हमखास घडतं.

लाइन मागताना दिशा 'आउटपुट' आणि सुरुवातीची किंमत 'इनॅक्टिव्ह' एकाच विनंतीत द्या. आधी आउटपुट करून मग ० लिहिलं तर मधल्या क्षणी पिनेवर काय असेल ते सांगता येत नाही. 'कन्झ्युमर' मध्ये नाव द्या म्हणजे जीपीआयओइन्फोमध्ये मालक दिसतो.

सर्व्हिस फाइल

इथे हात आखडता घेऊ नका. सुरक्षिततेचा अर्धा भार सिस्टमडी उचलतं. 'टाइप' नोटिफाय, 'यूझर' पंप, 'रनटाइमडिरेक्टरी' पंप. मग 'नोन्यूप्रिव्हिलेजेस' येस, 'प्रोटेक्टसिस्टम' स्ट्रिक्ट, 'प्रोटेक्टहोम' येस, 'कॅपॅबिलिटीबाउंडिंगसेट' रिकामं, 'प्रायव्हेटनेटवर्क' येस. फाइलीवरचं युनिक्स सॉकेट प्रायव्हेटनेटवर्कमध्येही चालतं, त्यामुळे डेमनला नेटवर्क देण्याचं कारण नाही.

डिव्हाइसांसाठी 'डिव्हाइसपॉलिसी' क्लोज्ड आणि 'डिव्हाइसअलाउ' मध्ये 'कॅर-जीपीआयओचिप आरडब्ल्यू'. फाइलीचा नेमका मार्गही देता येतो, पण सर्व्हिस सुरू होताना ती फाइल नसेल तर परवानगी लागत नाही आणि नंतर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' येतं. यूडेव्हच्या परवानग्या बरोबर असूनही हे दिसलं तर आधी इथेच पाहा. 'प्रायव्हेटडिव्हायसेस' येस मात्र लावू नका, त्याने जीपीआयओची फाइलच दिसेनाशी होते.

आता अडकलेल्या प्रोग्रामचा बंदोबस्त. 'वॉचडॉगसेक' १०. डेमनने दर ५ सेकंदांनी सिस्टमडीला 'वॉचडॉग बरोबर १' कळवायचं, आणि ते मोटरचा करंट (त्याचं मीटर पुढे येतं) वाचून निर्णय घेणाऱ्या मुख्य लूपमधूनच. वेगळ्या थ्रेडमधून कळवलं तर मुख्य लूप अडकलेला असताना तो थ्रेड 'सगळं ठीक' सांगत राहतो आणि वॉचडॉगचा उपयोग संपतो. १० सेकंदांत निरोप आला नाही की सिस्टमडी प्रोग्रामला अबॉर्टचा सिग्नल देतं, पण तरीही तो मेला नाही तर मुळात ९० सेकंद वाट पाहतं. 'टाइमआउटस्टॉपसेक' ५ करा. 'रीस्टार्ट' ऑलवेज, 'रीस्टार्टसेक' ३०.

सगळ्यात महत्त्वाची ओळ 'एक्झेकस्टॉपपोस्ट'. ती प्रोग्राम नीट थांबो, कोसळो की मारला जावो, नंतर चालतेच. तिच्यात जीपीआयओसेट 'वजा टी ०' देऊन नव्या चिपच्या दोन्ही लाइनी ० करा. प्रोग्राम मेल्यावर लाइन सुटते, पण पिनेचं काय होतं हे ड्रायव्हरवर ठरतं. काही इनपुट करतात, काही शेवटची किंमत तशीच ठेवतात. अ‍ॅग्रिगेटरमधून घेतलेली पिन चालूच राहणार असं धरून चाला.

कर्नलच गोठला तर ही ओळ चालणार नाही. त्यासाठी बोर्डाचा हार्डवेअर वॉचडॉग: ईटीसी-सिस्टमडी-सिस्टम.कॉन्फ मध्ये 'रनटाइमवॉचडॉगसेक' १४. पायचा वॉचडॉग साधारण १५ सेकंदांपर्यंतच जातो. तो बोर्ड रीसेट करतो, पिना इनपुट होतात, पुल-डाउनमुळे रिले सुटतो. निवडलेल्या पिनांचं महत्त्व इथे पुन्हा येतं.

शेवटी 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ सिक्युरिटी' ला सर्व्हिसचं नाव द्या. काय उघडं राहिलं त्याची यादी मिळते.

करंट मोजणारं मीटर आणि यूएसबी

कोरडी मोटर ओळखायला पाण्याच्या सेन्सरपेक्षा करंट भरवशाचा. पाच एचपीची मोटर पूर्ण भारावर ४१५ व्होल्टला साधारण साडेसात अँपिअर घेते. पाणी संपलं की करंट उतरतो. आपल्या मोटरचा पाणी ओढतानाचा करंट आधी मोजा आणि त्याच्या ६५ टक्क्यांखाली सलग १० सेकंद राहिला तर बंद, इथून सुरू करून पुढे जुळवा. स्टार्टनंतरचे पहिले १० सेकंद सोडा. मीटरचं उत्तरच आलं नाही तरी बंद. 'माहीत नाही' म्हणजे 'ठीक' नव्हे.

आरएस-४८५ चं मॉडबस मीटर (वायरीवरून करंटचे आकडे पाठवणारं) यूएसबी अडॅप्टरने जोडलं की टीटीवाययूएसबी० दिसतं. दुसरं काही लावलं की हेच १ होतं. यूडेव्हमध्ये आयडी-व्हेंडर आणि आयडी-प्रॉडक्ट पाहून 'सिमलिंक' ने 'मीटर' असं कायमचं नाव द्या. स्वस्त अडॅप्टरमधली सीएच३४० चिप १ए८६:७५२३ असा आयडी देते, पण तिला सहसा सिरियल नंबर नसतो. असे दोन अडॅप्टर असतील तर डेव्ह-सिरियल-बाय-पाथ वापरा आणि कुठला कुठल्या पोर्टात ते स्टिकर लावून ठेवा. 'डायलआउट' ग्रुप सगळ्या सिरियल पोर्टांची परवानगी देतो. त्याऐवजी याच नियमात ग्रुप 'पंप' करा, आणि सर्व्हिसमध्ये 'कॅर-टीटीवाययूएसबी आरडब्ल्यू' वाढवा.

मीटरचं वाचन मधूनच बिघडत असेल तर मोडेममॅनेजर आहे का ते पाहा. ते नव्या सिरियल पोर्टवर मोडेम शोधायला स्वतःहून अक्षरं पाठवतं. नियमात 'आयडी-एमएम-डिव्हाइस-इग्नोर' १ द्या. उबंटू २२.०४ वर सीएच३४० लावल्या लावल्या गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय हे ब्रेलचं पॅकेज तो आपला समजून घेतं. गरज नसेल तर ते काढा.

मोटर जोडण्याआधी मारून पाहा

दिवा किंवा मोकळा कॉन्टॅक्टर जोडून हे सगळं करा. मोटर जोडलेली असताना यातलं काहीही नको.

चालू अवस्थेत 'किल वजा ९', म्हणजे प्रोग्राम जागीच मारणं: दोन-तीन सेकंदांत परवाना सुटला पाहिजे. 'किल वजा स्टॉप', म्हणजे प्रोग्राम गोठवणं: १५ सेकंदांच्या आसपास सुटला पाहिजे. मीटरचा यूएसबी उपसा. दुसऱ्या यूझरने मूळ चिपवरून १७ मागून पाहा: 'बिझी' आलं पाहिजे, नव्या चिपवरून मागितली तर 'परमिशन डिनाइड'. वीज काढून लावा आणि बूट होत असताना कॉन्टॅक्टरजवळ कान ठेवा: एकही टक आवाज नको. शेवटची चाचणी: 'सिंक' करून, रूट म्हणून प्रॉक-सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये 'सी' लिहून कर्नल पाडा. पंधरा-वीस सेकंदांत बोर्ड रीसेट होऊन परवाना सुटायला हवा. या प्रत्येक वेळी मल्टिमीटर ११ आणि ९ नंबरच्या पिनांवर ठेवा. लॉगवर विश्वास ठेवू नका.

बोर्ड हाताशी नसताना डेमनचे नियम तपासायचे असतील तर कर्नल ५.१७ पासून जीपीआयओ-सिम आहे. तो लॅपटॉपवर खोटी चिप तयार करतो, प्रोग्रामला फरक कळत नाही.

लाईन सारखी जाते-येते तिथे एसडी कार्डही जपावं लागतं. सगळं जुळल्यावर रास्पी-कॉन्फिगमधून ओव्हरले फाइल सिस्टम चालू करा म्हणजे कार्डवर लिहिणं थांबतं. पुढे बदल करायचा तर आधी ते बंद करून रीबूट करावं लागतं, नाहीतर केलेला बदल पुढच्या बूटला गायब होतो. बोर्ड पत्र्याच्या पॅनलमध्ये मोटरच्या स्टार्टरसोबत बसवू नका. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो आणि ८० अंशांना पायचा प्रोसेसर वेग कमी करू लागतो. सावलीच्या बाजूला वेगळी पेटी, खालून हवा जायला जाळी. 'व्हीसीजेनसीएमडी गेट-थ्रॉटल्ड' ने शून्याव्यतिरिक्त काही दाखवलं तर आधी ५ व्होल्टचा सप्लाय मोजा. कॉन्टॅक्टर ओढताना तो ४.६३ व्होल्टच्या खाली उतरत असेल, तर २४ व्होल्टच्या आणि ५ व्होल्टच्या वायरी एसएमपीएसपासूनच (पॉवर सप्लायपासूनच) वेगळ्या काढा.